शंखपुष्पीची पाचवी बाटली

पवनी, जि. भंडारा
६ जून १९९९

चि. प्रियदर्शनी,
सप्रेम जयभीम.

कचरूच्या हाती एक बाटली पाठवली आहे. आपल्या पवनीचाच माणूस आहे, नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर. शिवाजीनगरला उतरून तो तुझ्या घरमालकीण काकूंकडे पोचवीन म्हणाला. बाटलीत शंखपुष्पीचा पाक आहे. गेल्या हिवाळ्यात वैनगंगेच्या काठावरून मी स्वतः झाडं खुडून आणली, सावलीत वाळवली आणि खडीसाखरेत शिजवली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घे. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. परीक्षेच्या आधी किती पोरांना हा पाक दिला त्याची गणती नाही. तुझी ती कॉम्प्युटरची जावा की काय, तिचीही परीक्षाच आहे ना?

एक गोष्ट मात्र पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. डॉक्टरांच्या तीन गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. गोळ्या हे औषध आहे आणि पाक हा आत्याचा खाऊ आहे. एक दुसऱ्याच्या जागी चालणार नाही.

फोन करू नकोस. एसटीडीचं दुकान तुझ्या बाबाच्या, रामदासच्या घराला लागून आहे. तू तिथून "हॅलो" म्हणेपर्यंत इथे अर्धं पवनी आणि पूर्ण रामदास कान लावून बसलेला असतो. पोस्टकार्डही नको, पोस्टमन वाचतो आणि तुझ्या बाबाला तोंडी सांगतो. आंतरदेशीयच लिही.

तुझ्या बाबाची अट तुला माहीत आहे. एक जरी फिट आली तरी सामान बांधून परत. मी त्याला शब्द दिला म्हणून त्यानं तुला पुण्याला जाऊ दिलं. दोन वर्षांत एकही फिट नाही, हे मी त्याला रोज चहाबरोबर ऐकवते. मला तोंडावर पाडू नकोस.

तुझी,
चंपाआत्या


कोथरूड, पुणे
२० जून १९९९

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

बाटली पोचली. कचरूदादांनी ती करंदीकर काकूंच्या हातात दिली, तर काकू त्यांना म्हणाल्या, "आत येऊ नका, फरशी आत्ताच पुसली आहे. तिथूनच द्या, माझा हात लांब आहे." कचरूदादा घाबरून गेले. तशा काकू वाईट नाहीत. भाडेकरू मुलींवर त्या रागावतात आणि मग थालीपीठ देतात.

माझ्या खोलीत नम्रता म्हणून लातूरची मुलगी आहे. तिला मी पहिल्याच दिवशी फिटचं सगळं सांगून टाकलं, तू शिकवलंस तसं. ती म्हणाली, "बरं. मी घोरते. आता आपण सारख्या."

ऑफिसात दोन हजार सालाचं काम आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे आहेत, त्यामुळे ३१ डिसेंबरनंतर कॉम्प्युटरला वाटेल की १९०० साल उजाडलं. ते शोधून दुरुस्त करायचं. दिवसभर आम्ही तारखा तपासत बसतो. तुला आवडलं असतं.

तू म्हणालीस म्हणून इथल्या डॉक्टर शोधल्या. डॉ. शर्मिला देवस्थळी, कर्वे रस्त्यावर. बाई कमी बोलतात. जुने कागद बघितले आणि विचारलं, "याशिवाय दुसरं काही औषध चालू आहे?" मी म्हटलं, नाही. "छान," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाक मस्त लागतो. पुढची बाटली लवकर पाठव, नम्रताही चमचा घेऊन मागे लागते.

तुझी,
प्रिया


कोथरूड, पुणे
३ ऑगस्ट १९९९

प्रिय आत्या,

हे पत्र एकटीच वाच, आणि आधी बस.

शनिवारी संध्याकाळी मला फिट आली. मी ठीक आहे. खरंच ठीक आहे, बघ, अक्षर नीट आहे की नाही? खोलीत पलंगाशी उभी होते, तेवढंच आठवतं. बाकी नम्रतानं सांगितलं. तिनं मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली तिची ओढणी घातली, चष्मा काढून ठेवला आणि घड्याळ बघितलं. पावणेदोन मिनिटं. शेजारच्या खोलीतल्या मुली धावत आल्या, त्यातली एक चप्पल घेऊन आली होती हुंगवायला. नम्रतानं तिला सांगितलं, "पायात घाल ती आणि रिक्षा आण." तोंडात कुणी काही घातलं नाही, हात कुणी दाबून धरले नाहीत. जाग आली तेव्हा करंदीकर काकू माझ्या पायाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "झोप अजून. आज जेवणाला दांडी मारलीस तर पैसे कापणार नाही." आत्या, मला रडूच आलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आलंय. त्यांनी मला विचारलं, "गोळ्या चुकवतेस?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "सगळे नाहीच म्हणतात." मला इतका अपमान वाटला! एक गोळी चुकवली नाही गं मी. शेवटी त्यांनी तीनच्या चार केल्या.

बाबांना सांगू नकोस. हात जोडते. ते पहिल्या गाडीनं येतील आणि मला घेऊन जातील. मला हे काम आवडतं, आत्या. इथे मला कुणी "ती फिटवाली" म्हणत नाही. इथे मी तारखा शोधणारी आहे. पवनीला परत आले तर मी पुन्हा तीच होईन.

प्रिया


पवनी
१२ ऑगस्ट १९९९

चि. प्रियदर्शनी,
जयभीम.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळेला तुझं "मी ठीक आहे" तेवढंच शोधलं, चौथ्या वेळेला नम्रताचा अभिमान वाटला. तिला माझे आशीर्वाद सांग. तू तेरा वर्षांची असताना आपल्या गल्लीनं तुला कांदा हुंगवला होता, लोखंडाची किल्ली हातात दिली होती आणि एक शहाणा तर भगताला घेऊन आला होता. त्या भगताला मी छत्रीनं पार बसस्टॅंडपर्यंत पोचवलं, हे तुला आठवत असेल. आपल्या घरात असले थेर चालत नाहीत. आजार आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत.

डॉक्टरीणबाईंवर चिडू नकोस. त्यांनी वाढवल्या तेवढ्या घे.

मेंदूला ताण पडला, दुसरं काय! सारखं त्या पडद्याकडे बघायचं. कचरूबरोबर या वेळेला एकदम दोन बाटल्या पाठवत आहे. आता दोनऐवजी तीन चमचे घे, सकाळ-संध्याकाळ. नम्रताला देऊ नकोस, तुला पुरू दे.

रामदासला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी चहाला येतो आणि पहिला प्रश्न तोच, "प्रियाचं काय?" मी म्हणते, "मजेत." मग मी साखर घालते, तो ढवळतो, आणि मी त्याच्याकडे बघत नाही. धाकटा भाऊ आहे, लहानपणी मी त्याला खोटं बोलल्याबद्दल छडी मारली होती. पण तुझी नोकरी जायला नको.

तुझी,
चंपाआत्या


कोथरूड, पुणे
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय आत्या,

बरेच दिवस पत्र नाही, कारण नीट लिहिता येत नव्हतं. घाबरू नकोस, फिट आलेली नाही. त्याच्या उलटंच काहीतरी चाललंय.

गेले दहा-बारा दिवस मी झोकांड्या खात चालते. पडद्यावर एकाच्या दोन तारखा दिसतात. पहिल्यांदा वाटलं, प्रोग्रॅममध्येच चूक आहे, म्हणून मी साहेबांना सांगितलंसुद्धा! जीभ जड झालीय. बुधवारी जिना उतरताना भिंतीला धरून उतरले आणि ऑफिसातल्या समाधाननं मला लिंबूपाणी आणून दिलं. म्हणाला, "होतं असं, मॅडम. पहिल्या पगाराला माझंही झालं होतं." आख्ख्या मजल्याला वाटतंय मी पिऊन येते. सकाळी साडेनऊला!

करंदीकर काकूंनी तर मला दारातच अडवलं. "आमच्या पुण्यात लोक निदान दिवेलागणीपर्यंत थांबतात," म्हणाल्या. मी शपथा घेतल्या, पण शपथ घेतानाही जीभ अडखळली.

डॉक्टरांकडे गेले. पुन्हा रक्त तपासलं. आता गोळीचं प्रमाण फारच वर गेलंय. डॉ. देवस्थळी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बराच वेळ बघत होत्या. "ऑगस्टमध्ये निम्मं, ऑक्टोबरमध्ये अति. तू गोळ्या खातेस की साठवून एकदम खातेस?" मी चिडून म्हटलं, "मोजून बघा, पाकीट आणलंय." त्यांनी खरंच मोजलं, आणि बरोबर निघालं. "दुसरं काही औषध?" "नाही हो." "मग मला कळत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आजपासून साडेतीन, आठवड्यानं परत रक्त.

साहेब म्हणतात, असंच चाललं तर महिनाभर घरी जाऊन ये. घरी म्हणजे कुठे, ते त्यांना कुठे माहीत! एकदा सामान घेऊन पवनीला आले की बाबा मला परत पाठवतील का?

तुझा पाक संपून तीन-चार आठवडे झाले. कचरूदादा लेकीच्या लग्नासाठी रजेवर गेले ना, तेव्हापासून काही आलंच नाही. त्यामुळेच कदाचित इतकी गळून गेलेय. तेवढा पाठव.

प्रिया


पवनी
१६ ऑक्टोबर १९९९

प्रियदर्शनी,

हे पत्र मिळाल्याबरोबर हातातलं काम सोड आणि वाच.

कचरू रजेवरून आला आणि १२ तारखेला मी त्याच्याकडे बाटली दिली. तुझं पत्र मला १५ ला मिळालं. ती बाटली आली असेल तर उघडू नकोस. उघडली असशील तर पुढचा चमचा घेऊ नकोस. मी फोन करणार होते, पण दुकानाच्या बाकावर रामदास पेपर वाचत बसला होता. पायरीवरून मागे फिरले. मागे फिरल्याची मला लाज वाटते आहे.

काल तुझं पत्र वाचून झोप लागेना म्हणून तुझी सगळी पत्रं आणि माझी डायरी पाटावर मांडून बसले. इतिहास शिकवताना मी फळ्यावर रेघ ओढून सनावळी लिहायचे ना, तशीच कागदावर रेघ ओढली. पहिली बाटली ६ जूनला निघाली. दुसरी ४ जुलैला. फिट ३१ जुलैला, गोळीचं प्रमाण निम्मं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी ऑगस्टमध्ये दोन बाटल्या आणि वर तिसरा चमचा दिला, तेव्हा तू ठीक होतीस. सप्टेंबरच्या मध्याला बाटली संपली, गोळ्या मात्र चारच राहिल्या. आणि सप्टेंबर संपताना तुझ्या झोकांड्या सुरू झाल्या.

दोन वर्षं तू फक्त गोळ्यांवर होतीस आणि धडधाकट होतीस. मधे बदललं ते एकच. ते माझ्या हातानं गेलं.

मी डॉक्टर नाही. चुकत असेन, चुकत असले तर बरंच आहे. पण त्या बाईंनी दोनदा विचारलं आणि तू दोनदा नाही म्हणालीस, कारण मीच तुला सांगितलं होतं की हे औषध नव्हे, खाऊ आहे. ही बाटली, हे पत्र आणि सोबतची रेघ घेऊन त्यांच्याकडे जा. गोळी मनानं कमी-जास्त करू नकोस, ते त्या ठरवतील.

ज्या भगताला मी छत्रीनं हाकललं त्याच्या हातानं निदान तुला काही झालं नव्हतं गं. उद्या सगळे दीक्षाभूमीला निघालेत, मीही जाणार होते. आता तुझं उत्तर येईपर्यंत दारातून हलणार नाही.

आत्या


कोथरूड, पुणे
२७ ऑक्टोबर १९९९

लाडक्या आत्या,

रडणं बंद कर आणि माझ्यामुळे दीक्षाभूमी चुकली त्याबद्दल मला माफ कर.

बाटली तुझ्या पत्राच्या तीन दिवस आधी आली होती. पण मला मिळालीच नाही! लेबल नसलेली तपकिरी बाटली, वर फडकं बांधलेलं, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरनं आणून दिलेली, आणि मी भिंती धरून चालणारी. करंदीकर काकूंनी ताबडतोब निष्कर्ष काढला आणि बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं. तुझं पत्र आल्यावर मी बाटली मागितली तर म्हणाल्या, "मिळणार नाही. तुझ्या आत्याला म्हणावं, तिकडे गाळत असतील, इथे चालत नाही." मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. काकूंनी चष्मा लावून तुझी रेघ पाहिली, कुलूप काढलं आणि म्हणाल्या, "बाईंचं अक्षर सुंदर आहे." मग माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या, रिक्षानं, स्वतःच्या खर्चानं. नम्रता म्हणते हे वर्तमानपत्रात द्यायला हवं.

डॉ. देवस्थळींनी तुझी रेघ बघितली, बाटली उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "शंखपुष्पी! अगं, मी दोनदा विचारलं होतं!" मी म्हटलं, "तुम्ही औषध विचारलंत. हा खाऊ होता." त्या पहिल्यांदाच हसल्या, पण नंतर चांगल्या रागावल्या. मी घेते त्या गोळीबरोबर शंखपुष्पी घेतली तर गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरू शकतं, हे नोंदलेलं आहे म्हणे. पाकानं ते उतरवलं, त्यांनी गोळी वाढवली, मग पाक बंद झाला आणि वाढवलेली गोळी सगळीच्या सगळी अंगावर आली. म्हणून त्या झोकांड्या. आता परत तीनच गोळ्या. चार दिवसांत तारखा एकेकट्या दिसायला लागल्या.

त्यांनी मला कागद देऊन सगळं लिहायला लावलं. सर्दीला पाण्यात घालतो ते निलगिरीचं तेल, कापराची पुडी, नम्रताच्या आईचा काढा, सगळं. निलगिरी आणि कापूर तर पोटात गेले तर फिट आणू शकतात, दूर ठेव म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे झाडपाला वाईट? त्या म्हणाल्या, "ज्यात गुण असतो त्यात जोर असतो, आणि जोर कुठे लागेल ते बघावं लागतं. घरचं असो की दुकानातलं, आधी मला सांगायचं. आणि चालू असलेलं काही मला न विचारता बंदही करायचं नाही."

तुझी रेघ त्यांनी माझ्या फायलीत लावून घेतली. "मला जे दोन रिपोर्ट बघून कळलं नाही ते तुमच्या आत्यांनी पाटावर बसून काढलं," म्हणाल्या. ऐकतेस ना?

तर झालं, संपलं. साहेबांनी घरी जायचं नावही काढलेलं नाही. आता बाबांना काही सांगायची गरजच नाही. ते आपल्या दोघींत राहू दे.

तुझी,
प्रिया


पवनी
८ नोव्हेंबर १९९९

चि. प्रियदर्शनी,
जयभीम.

आपल्या दोघींत राहिलं नाही.

कचरू बाटली द्यायला आला होता तेव्हा तुमच्या फाटकात कुणी मुलगी त्याला म्हणाली, "ती आजारी आहे, मधे फिट आली होती." कचरू भाबडा, त्यानं इथे येऊन रामदासच्या तब्येतीआधी तुझी तब्येत विचारली. परवा संध्याकाळी रामदास आला तो चहाला नाही. बॅग भरून दारात उभा. म्हणाला, "ताई, पुण्यानं माझी पोर आजारी पाडली. मी तिला घ्यायला चाललो."

मी गप्प राहिले असते तर सगळा दोष पुण्यावर गेला असता. त्या पडद्यावर, धावपळीवर, तुझ्या एकटं राहण्यावर. मी मोठी बहीण राहिले असते आणि तुझं सामान बांधलं गेलं असतं. मी त्याला म्हटलं, "बस. पुण्यानं नाही. मी." आणि तुझी सगळी पत्रं आणि माझी डायरी त्याला वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नम्रतानं केलं ते, काकू पायाशी बसल्या ते, माझा तिसरा चमचा, सगळं. एक ओळही गाळली नाही.

तो उठला, बॅग उचलली आणि त्याच्या घरी गेला. दोन दिवस चहाला आलेला नाही. साठीत माझ्या धाकट्या भावानं माझ्याशी अबोला धरला आहे, आणि त्याचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही.

काय ठरवतो माहीत नाही. मला माफ कर. सगळ्यासाठीच.

उरलेली शंखपुष्पी शेजारच्या सोजरबाईंना दिली. त्यांच्या नातवाची परीक्षा आहे. आधी विचारलं, घरात कुणाला कसली गोळी चालू आहे का. तिघांच्या निघाल्या, म्हणून त्या तिघांची नावं फडक्यावर लिहून दिली.

आत्या


पवनी
१३ नोव्हेंबर १९९९

चि. प्रिया हिस,
जयभीम.

मला पत्र लिहायची सवय नाही. कार्यालयात अर्ज लिहितो तसं होईल.

ताईनं सर्व वाचून दाखवलं. राग आला. दोन दिवस ताईवर होता. तिसऱ्या दिवशी माझ्यावर आला. कारण खालीलप्रमाणे.

तुला पहिली फिट घरात आली तेव्हा तुझी आई बाहेर होती. मी एकटा होतो. मला कुणीतरी सांगितलेलं होतं की दात बसू द्यायचे नाहीत. मी जोर लावून तुझ्या तोंडात स्टीलचा चमचा घातला. तुझा पुढचा दात तुटला तो पडल्यामुळे नाही. मी सर्वांना तसं सांगितलं, तुलाही. आठ वर्षं तू ओठ मिटून हसतेस आणि मी दुसरीकडे बघतो. ताईनं तिची चूक चार महिन्यांत शोधून सांगून टाकली. मला माझी पहिल्या दिवसापासून माहीत होती.

मी तुला घरी आणणार होतो कारण मला वाटायचं बापाइतकं कोण सांभाळणार. त्या नम्रतानं तुला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघितलं. एवढंच करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नाही.

ताईकडे आज चहाला गेलो होतो. दोन कप घेतले. ती बरी आहे.

मंगळवारच्या गाडीनं पुण्याला येत आहे. तुझ्या डॉक्टरांना भेटायचं आहे आणि त्या मुलीकडून शिकून घ्यायचं आहे. तुझ्या काकूंना विचार, पायपुसण्यावर उभं राहिलं तर चालेल का. दातांच्या डॉक्टरांचीही वेळ घेऊन ठेव.

परतीचं तिकीट मी एकच काढलं आहे.

बाबा